जिवंतपणी ल्याओ, मेल्यावर चांग

आ-मानचा भाऊ समुद्राकाठच्या गावाहून मोटारसायकल दामटत आला आणि बहिणीच्या घरावरून दोनदा पुढे निघून गेला. दोष त्याचा नव्हता, बऱ्याच वर्षांनी येत होता. दाराला पांढरे कागदी कंदील टांगलेले होते, म्हणजे घरात कोणीतरी गेलेलं होतं हे खरं. पण कंदिलांवर ठसठशीत अक्षरांत ‘चांग’ लिहिलं होतं आणि हा शोधत होता ल्याओंचं घर. तिसऱ्या खेपेला त्याने कोपऱ्यावरच्या सुपारीवालीपाशी गाडी थांबवली.

“ल्याओ वान-तेचं घर कुठलं हो? बायको वारलीय त्याची.”

“हे काय समोर.”

“अहो, तिथं तर कोणी चांग वारलाय!”

“इथले सगळे ल्याओ वारले की चांगच होतात,” सुपारीवाली म्हणाली आणि हिरव्या सुपारीला चीर देत राहिली.

आमच्या सी-लोच्या भागातल्या ल्याओंचं हे असंच आहे. पोर जन्मलं की ल्याओ, शाळेच्या पटावर ल्याओ, लग्नाच्या पत्रिकेवर ल्याओ. ज्या घटकेला श्वास थांबेल त्या घटकेपासून चांग. कंदिलावर चांग, थडग्याच्या दगडावर चांग, पूर्वजांच्या देवळातल्या लाकडी पाटीवर चांग. बाहेरून आलेल्याचं डोकं गरगरतं, आमचं नाही. आम्हाला कोणी ‘काय हो चांग’ अशी हाक मारली, तर मात्र अंगावर काटा येतो. एका पोस्टमनने नवा असताना ही चूक केली होती. त्या घरातल्या म्हातारीने त्याच्यामागे झाडू घेऊन अर्धी गल्ली पार केली.

पण सत्त्याण्णव सालच्या त्या पावसाळ्यात गोंधळला तो घरचाच माणूस. वान-ते.

वान-ते सदुसष्ट वर्षांचा. त्यातली एकेचाळीस वर्षं काळ्या सोयाबीनच्या आंबवलेल्या रसाच्या कारखान्यात, म्हणजे मातीच्या रांजणांनी भरलेल्या एका मोठ्या अंगणात गेली. ऊन पडलं की झाकणं काढायची, ढग दिसला की धावत जाऊन लावायची, आणि सहा महिने वाट बघायची. आभाळाकडे बघून तासाभराने काय होणार ते तो बरोबर सांगायचा. घरातलं मात्र त्याला काही सांगता यायचं नाही. शेजाऱ्याने शिडी मागितली तरी म्हणायचा, “आ-मानला विचारून सांगतो.” लोक हसायचे, तोही हसायचा. त्याचं काही अडायचं नाही, कारण आ-मानला कायम सगळं ठाऊक असायचं.

आणि ती एका दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता, मांडीवरचं सूप तसंच ठेवून, गेली.

तेव्हापासून वान-ते कुठल्याही माणसाच्या तोंडाकडे नुसता बघत राहायचा. कोणी म्हणालं बस, की बसायचा. पंचांग बघणाऱ्याने नवव्या दिवशीचा मुहूर्त सांगितला, त्याला हो म्हणाला. पुढच्या खोलीत शवपेटी ठेवली, पायाशी भाताचा वाडगा आणि उकडलेलं अंडं ठेवलं, कंदील आले, त्यावर काय लिहिलंय ते त्याने पाहिलंसुद्धा नाही. सगळी सूत्रं हुआ-ली काकांच्या हातात होती. चौऱ्याऐंशी वर्षांचे काका म्हणजे ल्याओंच्या देवळाच्या किल्लीचे मालक. माणूस मेला की त्याच्या घरी सगळ्यांत आधी पोचायचे आणि सगळ्यांत शेवटी निघायचे.

मेव्हण्याने दारातून आत येत कंदिलाकडे बोट दाखवून विचारलं, “भावजी, हे चांग कोण?” तेव्हा वान-तेने पहिल्यांदा मान वर करून कंदील वाचला. आपण काहीतरी कबूल केलं होतं, ते त्याला आता आठवलं.

पाचव्या दिवशी दगड कोरणारा को मिस्त्री नदीपलीकडून वही घेऊन आला. पुढच्या ओट्यावर त्याला चहा दिला. समोर काका, एका बाजूला वान-ते, आणि उंबऱ्यात त्याची मुलगी ली-छ्यू मेलेल्यासाठी जाळायच्या सोनेरी कागदाच्या होड्या दुमडत बसलेली.

“मजकूर सांगा,” मिस्त्री म्हणाला. “एकेक अक्षर म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम आहे. कणखर दगड आहे, खोडता येत नाही. काय ते एकदाच सांगा.”

“वर नवऱ्याकडचं आडनाव, चांग,” काका म्हणाले. “खाली माहेरचं, सू. मग नाव.”

मिस्त्रीने लिहिता लिहिता मध्येच पेन्सिल थांबवली. “दारावरच्या पाटीवर ल्याओ. कंदिलावर चांग. आत बसलेले पाहुणे सू. मेलंय नक्की कोण?”

“तू नवा दिसतोस,” काका खूश होऊन म्हणाले. ही गोष्ट सांगायला मिळाली की त्यांचं वय दहा वर्षांनी कमी होतं. “सहाशे वर्षांपूर्वीचं आहे. समुद्रापलीकडे, मूळ गावात. चांग घराण्यातला एक तरुण ल्याओंच्या घरी आला. ल्याओ श्रीमंत, पण पोटी एकच मुलगी. त्यांनी ह्याला जावई करून घरातच ठेवला. मुलासारखा सांभाळला, जमीन दिली, सगळं दिलं. पुढे ल्याओंवर कसलंसं सरकारी बालंट आलं, तर हा आपण होऊन त्यांच्या वतीने कचेरीत उभा राहिला. परतताना वाटेत आजारी पडला. मरताना मुलाला म्हणाला, ह्या घराचे उपकार आहेत, म्हणून जिवंत असेतो ल्याओ राहा. पण मी चांगांचं रक्त आहे, म्हणून मेल्यावर चांग हो. म्हणजे इकडचंही फिटलं, तिकडचंही राहिलं. आम्ही सगळे त्या एका पोराची मुलं.”

“म्हणजे घरजावयाची अवलाद,” मिस्त्री म्हणाला.

“तोंड सांभाळ!” काका म्हणाले, पण हसले.

तेव्हा वान-ते म्हणाला, “चांग नको.”

इतक्या हळू म्हणाला की पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेलं नाही. काकांनी कानाला हात लावला. वान-ते पुन्हा म्हणाला, “तिच्या दगडावर चांग नको. मी तिला शब्द दिलाय.”

ते असं झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी वान-तेची आई गेली. तिचा दगड उभा राहिल्यावर आठवड्याने आ-मान दुपारचा डबा घेऊन रांजणांच्या अंगणात आली. डबा खाली ठेवला आणि तशीच उभी राहिली.

“ए म्हाताऱ्या, मला सांग. मी लग्न कोणाशी केलं?”

“माझ्याशी. का?”

“तू कोण?”

“ल्याओ वान-ते. डोकं फिरलंय का तुझं?”

“मग आईंच्या दगडावर हा चांग कोण आहे? आयुष्यभर त्या ल्याओंची भांडी घासत होत्या, आणि मेल्यावर ह्या चांगच्या घरी जाऊन पडायचं? मी नाही जाणार. मी त्या माणसाला ओळखत नाही.”

वान-ते हसायला लागला होता. पण ती हसत नव्हती. आ-मानला आठ महिन्यांची असताना सू घराण्यात देऊन टाकलं होतं, तिथल्या मुलाची पुढची बायको म्हणून. त्या काळी मुली अशा द्यायचे. त्या दिवशी तिचं आडनाव गेलं आणि सू झालं. आधीचं काय होतं ते तिला कोणी सांगितलं नाही. सांगण्यासारखे जे होते ते युद्धात मेले. तिचा होणारा नवरा पुढे तापाने गेला, मग सूंनी तिला मुलगी म्हणून वान-तेला दिली. एवढ्या सगळ्यात तिच्याजवळ मूळचं राहिलं ते फक्त नाव, मान. ‘आ’ हे नुसतं हाकेपुरतं. मान म्हणजे ‘पुरे’. पाचवी मुलगी होती ती. वान-तेने एकदा तिला म्हटलं होतं की असलं कसलं नाव ठेवलं तुझ्या आईने, तर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

“एकदा मला न विचारता बदललं,” ती त्या दिवशी रांजणांपाशी म्हणाली. “तेव्हा मला बोलता येत नव्हतं. आता मेल्यावर पुन्हा न विचारता बदलणार, तेव्हाही बोलता येणार नाही. चांग लिहू देणार नाहीस, म्हण.”

“नाही देणार.”

“शप्पथ?”

“शप्पथ. आता जेवू दे.”

आणि तो जेवला. चांग नाही तर मग काय, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. अकरा वर्षांत एकदासुद्धा नाही! आता ओट्यावर बसून तो स्वतःवरच चिडला होता.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वान-ते, तू बायकोवर माया करतोस, चांगलं आहे. पण वेड्यासारखं करू नकोस. तिच्या दगडावर ल्याओ लिहिलंस, तर उद्या तू मरशील तेव्हा कोण असशील?”

“चांग.”

“आणि ती ल्याओंची बायको. मग ती तुझी कोण?”

हे वान-तेच्या लक्षातच आलं नव्हतं. तो मेल्यावर चांग होणार, ती मात्र ल्याओच राहणार, आणि मग वर कुठे काय असेल तिथे चांग नावाचा एक म्हातारा दार वाजवत उभा राहणार. ती दार उघडेल का? ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ असं तर तिने स्पष्टच सांगून ठेवलं होतं. शब्द पाळला तर बायको जाते, आणि बायको ठेवायची तर शब्द जातो. त्याने मुलीकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय बाबा,” ली-छ्यू म्हणाली. “आईला विचारा. तिन्ही त्रिकाळ विचारताच आहात, जेवलीस का म्हणून.”

हे खरं होतं. आमच्याकडे पेटीपुढे जेवण ठेवलं की गेलेल्या माणसाला दोन नाणी टाकून विचारतात, झालं का? एक छापा एक काटा आला की ‘हो’, मग ताट उचलायचं. दोन्ही काटे म्हणजे ‘नाही’, थांबायचं. दोन्ही छापे म्हणजे गेलेलं माणूस हसतंय, तुमचा प्रश्नच धड नाही. आ-मान चार दिवस प्रत्येक जेवण सावकाश जेवत होती. नाश्त्याला तर तिने वान-तेला पाऊण तास बसवून ठेवलं होतं.

सगळे आत गेले. मिस्त्रीही गेला, त्याला आता राहवेना. वान-तेने उदबत्ती लावली, नाणी ओंजळीत घेतली, फोटोकडे पाहिलं. फोटोतली आ-मान ओळखपत्रासाठी काढलेली, कपाळाला आठ्या घातलेली.

“अगं, मी आहे. मिस्त्री आलाय. ल्याओ लिहू?”

नाणी फरशीवर वाजली. दोन्ही छापे.

“हसतेय,” ली-छ्यू म्हणाली.

“हसणारच,” काका म्हणाले. “मेलेल्या माणसाला ल्याओ म्हटल्यावर काय करेल? आता नीट विचार.”

“मग चांग लिहू?” वान-तेने घाबरत विचारलं. दोन्ही काटे. काका म्हणाले, नाणं घरंगळलं, परत टाक. परत टाकलं. दोन्ही काटे.

आता मेव्हणा पुढे सरसावला. त्याचे डोळे भरून आले होते. “ताई आमची आहे, मी आधीपासून म्हणतोय. भावजी, सू विचारा. नुसतं सू.”

वान-तेने सू विचारलं. नाणी पडल्या पडल्या दोन्ही काटे, जराही डगमगली नाहीत. मेव्हणा भिंतीला टेकला. त्याला ते फार लागलं, आणि वान-तेला त्याची दया आली. बावन्न वर्षं तो तिला ताई म्हणत होता.

“नाणीच बिघडलीत,” काका वैतागून म्हणाले. “जेवली का ते विचार.”

“जेवलीस?” एक छापा, एक काटा. नाणी अगदी ठणठणीत होती.

वान-ते फरशीवर बसकण मारून बसला. तीन आडनावं होती, तिन्ही संपली. चौथं होतं, पण ते कोणालाच माहीत नव्हतं. बाहेर कोणाची तरी गाडी सुरू झाली आणि निघून गेली. मिस्त्री घड्याळाकडे बघत होता. आणि वान-तेला एकदम तिचा संताप आला, चार दिवसांत पहिल्यांदा. मेली तरी हिचं आपलं तेच, मला ओळखायला लावायचं! आयुष्यभर काय हवंय ते सरळ सांगितलं नाही, भांडी आपटून सांगितलं!

“मग काय कोणाचंच नको तुला?” तो ओरडला आणि नाणी जवळजवळ फेकलीच.

एक पेटीच्या पायाशी जाऊन थांबलं, एक ली-छ्यूच्या होड्यांमध्ये. तिने वाकून पाहिलं. मग पेटीच्या पायाशी पाहिलं. एक छापा. एक काटा.

काका पुढे झाले. “एकदा आलेलं धरत नाहीत. एवढ्या मोठ्या गोष्टीला सलग तीनदा यायला हवं.”

“काका,” वान-ते म्हणाला, “ती एकच गोष्ट तीनदा कधी सांगायची नाही. दुसऱ्यांदा विचारलं तरी डोळे वटारायची.”

“अरे पण आडनाव नसलेलं माणूस म्हणजे काय? कुठून आलं, कुठे जायचं, कशावरून कळणार?”

“मला नाही माहीत.”

“आणि तुझं काय? तू तिचा कोण, हे तरी कुठे राहिलं?”

“तेही नाही माहीत,” वान-ते म्हणाला आणि रडायला लागला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तिचा शब्द पाळला की तिला हातची घालवली, हे त्याला त्या क्षणीही कळत नव्हतं, आणि पुढेही कधी नीट कळलं नाही.

काका शेवटी एवढ्यावर आले की दगड तुझा, पाटी आमची. देवळातल्या पाटीवर चांगच लिहायचं, ते त्यांनी कोणाला न विचारता त्यानंतर तिसऱ्या दिवशी लिहूनही टाकलं. मिस्त्रीने वहीतली तिन्ही आडनावं खोडली. एवढ्या मोठ्या दगडावर एकच नाव कसं दिसेल, गिऱ्हाईक हसतील, असं तो दोनदा बोलला. पण नाव त्याने सुंदर कोरलं. उजवा अर्धा भाग वान-तेसाठी कोरा सोडला. तिथे काय यायचं ते त्याने विचारलं, तेव्हा वान-ते म्हणाला, “बघू.”

गावात चर्चा झाली ती झालीच. कोणी म्हणालं, वान-तेला म्हातारचळ लागला. कोणी म्हणालं, आ-मान आधीपासूनच नकचढी. कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांनी त्याला विचारलं की अरे, असं का केलंस, तर तो म्हणायचा, “तिनेच सांगितलं.” मग थोडं थांबून म्हणायचा, “बहुतेक.”

पुढच्या वसंतात थडगी झाडायचा दिवस आला. ली-छ्यूला कामावरून सुटी मिळेना, म्हणून वान-ते एकटाच विळा आणि पिवळ्या कागदांची गड्डी घेऊन सकाळीच गेला. गवत कापलं, मातीच्या उंचवट्यावर कागद पसरून त्यांवर खडे ठेवले, भाजलेले शेंगदाणे ठेवले. मग टेकून बसला. सगळीकडे माणसं, धूर, पोरांचा आरडाओरडा. आजूबाजूच्या दगडांवर चांग, चांग, चांग. आणि मध्ये हा एक दगड, त्यावर नुसतं ‘मान’, शेजारी कोरी जागा.

शेजारच्या थडग्यावर एक बाई गवत उपटत होती. तरुण, शहरातली असावी, नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच आलेली. ती कंबर सरळ करायला उठली, दगड वाचला, पुन्हा वाचला, मग मागच्या बाजूला काही आहे का तेही वाकून बघून आली.

“आजोबा,” ती म्हणाली, “ह्या कोणाच्या हो? आडनाव लिहिलंच नाहीये.”

वान-तेने सांगायला तोंड उघडलं. ल्याओंची म्हणणार होता, तर आ-मान हसली होती ते आठवलं. चांगांची म्हणणार होता, तर तिला तो माणूस माहीत नव्हता. सूंची ती नव्हतीच. बाई वाट बघत उभी होती. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

“माझी,” तो म्हणाला.